पाद्यपूजेच्या खुर्च्या

आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी सोलापुरातली प्रत्येक बाई साडी गुडघ्यापर्यंत खोचून हंडे-बादल्यांच्या मागे धावते, आणि तेव्हा कोण काय दाखवतंय, कोण काय बघतंय, याचं भान कुणालाच नसतं. अशाच एका पाण्याच्या दिवशी शेजारणीने माझ्या पोटरीकडे बोट दाखवलं.

"बाई, पायाला शाई लागलीय बगा तुमच्या."

मी शिक्षिका, त्यामुळे हाताला, पदराला, क्वचित नाकालाही शाई लागल्याचा अनुभव होता. मी बादली खाली ठेवली आणि साबण लावून पोटरी घासली. शाई जाईना. मग दगडाने घासली. पोटरी लाल झाली आणि त्या लालीतून ती निळी-जांभळी जाळी आणखी स्पष्ट दिसायला लागली. घोट्याच्या वर, गुडघ्याच्या मागे, बारीक बारीक धाग्यांसारख्या शिरा. शेजारीण म्हणाली, "निगत न्हाय तर ऱ्हाऊ द्या की. साडीखाली कोण बगतंय?" मीही तसंच म्हणाले असते, पण दुपारनंतर पाय असे भरून यायचे की घरी आल्यावर चपला काढायच्या आधी मी दारातच टेकायची. म्हणून डॉक्टरकडे गेले.

डॉक्टर तरुण होते आणि घाईत नव्हते, ही दोन आश्चर्यं एकाच दवाखान्यात सापडली. त्यांनी पाय पाहिले, दाबून पाहिले आणि विचारलं, "काम काय करता?"

"शाळेत शिकवते."

"उभं राहावं लागत असेल."

"लागतं म्हणजे काय, आमच्या वर्गात खुर्चीच नाही."

त्यांना तो विनोद वाटला. मी हसले नाही तेव्हा ते गंभीर झाले. म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही. पायातलं रक्त वर चढायला पोटरीच्या स्नायूंचा रेटा लागतो. माणूस एका जागी तासन्‌तास उभा राहिला की रक्त खाली साचतं, शिरा फुगतात, बारीक असतात त्या अशा दिसायला लागतात. सगळ्यांचं पुढे काही वाईट होतं असं नाही, पण काहींचं होतं. आता आहे ते जाळं पुसता येणार नाही, पण नवीन विणू द्यायचं नाही एवढं आपल्या हातात आहे. त्यासाठी औषध नको, सवयी बदला. फार वेळ उभं राहू नका, फार वेळ बसूनही राहू नका. अधूनमधून टाचा वर-खाली करा. रोज चाला. कमरेला घट्ट काही बांधू नका. मीठ कमी करा. आणि दिवसातून थोडा वेळ पाय छातीपेक्षा उंच ठेवून पडून राहा.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच," डॉक्टर म्हणाले. त्या भल्या माणसाने बहुधा घरातल्या आणि शाळेतल्या कुणालाच न विचारता पाय वापरले असावेत आयुष्यभर.

आमच्या वर्गांतल्या खुर्च्या कुठे गेल्या ते आधी सांगते. आमच्या संस्थेचे अध्यक्ष चादरी आणि टॉवेलच्या कारखान्याचे मालक. माणूस तसा वाईट नाही. फक्त जे काही जगात चाललंय ते मागाच्या हिशेबानेच चालतं अशी त्यांची पक्की समजूत. ते एकदा कुठल्याशा शिबिराला जाऊन आले आणि तिथे कुणीतरी त्यांना सांगितलं की बसलेला शिक्षक म्हणजे झोपलेली शाळा. परत आल्यावर त्यांनी आम्हा सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. "माझ्या कारकान्यात कामगार उब्यानं माग चालिवतो. बसला की धागा तुटलेला कळत न्हाय. पोरं म्हंजे धागाच हाय की." आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या, कारण आम्हाला वाटलं भाषण आहे. दुसऱ्या दिवशी टेम्पो आला आणि वर्गावर्गातल्या खुर्च्या भरून घेऊन गेला. त्यातल्या काही पुढे त्यांच्या भाच्याच्या मंगल कार्यालयात जेवणाच्या पंगतीला दिसल्या. माझ्या वर्गातली खुर्ची मी तिच्या हातावरच्या पेनाच्या रेघेवरून ओळखली. तिच्यावर बसून मी जिलेबी खाल्ली.

खुर्च्या गेल्या आणि शाळा जागी झाली, असं मुख्याध्यापक म्हणायचे. ते हे वाक्य स्वतःच्या फिरत्या खुर्चीवर बसून, अर्धी गिरकी घेऊन म्हणायचे. मुख्याध्यापकांना खुर्ची लागतेच, कारण त्यांच्याकडे येणारा पालक उभा राहतो, आणि दोघेही उभे राहिले तर मुख्याध्यापक कोण हे कसं कळणार?

डॉक्टरांकडून आल्यावर मी शाळेत पहिल्यांदा ज्यांच्याशी बोलले त्या मोठ्या बाई. त्यांना सगळी शाळा मोठ्या बाईच म्हणते. चौथीला शिकवतात, आमच्यात सगळ्यांत जुन्या, निवृत्तीला थोडाच काळ उरलेला. मैंदर्गीकडच्या, त्यामुळे बोलण्यात मधूनच कानडी हेल. त्यांची एक गोष्ट शाळेत चेष्टेचा विषय होती. सोलापूरच्या ऐन एप्रिल महिन्यात, जेव्हा डांबर वितळून चपलांना चिकटतं, तेव्हाही त्या चपलांत जाड मोजे घालायच्या. आम्ही त्यांना थंडी वाजते म्हणून हसायचो. त्याही हसायच्या.

मी माझ्या पायाचं सांगितल्यावर मात्र त्या हसल्या नाहीत. शिक्षकांच्या खोलीत तेव्हा आम्ही दोघीच होतो. त्यांनी दार लोटलं, भिंतीकडेच्या बाकावर बसल्या, डावा मोजा खाली केला आणि आतली पट्टी सोडली. घोट्याच्या वर, आतल्या बाजूला, कातडी काळी पडलेली आणि मधे एक ओली जखम. कडा फिकट. वास येऊ नये म्हणून बाजूने पावडर टाकलेली.

"माजंबी तुज्यासारखंच होतं सुरवातीला," त्या म्हणाल्या. "जाळं. मला वाटलं, वय झालं की होतंच असंल. मग शिरा दोरीवानी झाल्या. मग खाज. मग हे."

"बरं होत नाही?"

"सुट्टीत होतं की. मे महिन्यात पाय वर करून पडते, भरत येती. जून लागला की परत उकलती. डॉक्टर म्हनतो, बाई, बसा. बसा म्हंजे भरंल. आता कुटं बसू? फळ्यावर?"

त्यांच्या रजा मुलीच्या बाळंतपणात आणि नवऱ्याच्या आजारपणात संपलेल्या. शाळा सोडायची नव्हती. चौथीच्या मुलांवर त्यांचा जीव होता आणि शेवटची वर्षं नीट पुरी करून निघायचं एवढीच इच्छा. मला त्या जखमेकडे बघून आधी भीती वाटली आणि मग संताप आला, आणि तो संताप अजून गेलेला नाही. एका खुर्चीने भरून येईल अशी जखम घेऊन ही बाई रोज दिवसभर उभी होती, आणि आम्ही तिच्या मोज्यांना हसत होतो.

मी ठरवलं की माझे पाय त्या वाटेला जाऊ द्यायचे नाहीत, आणि मोठ्या बाईंना खुर्ची मिळवून द्यायची. पहिलं माझ्याच हातात होतं असं मला वाटलं, म्हणून तिथून सुरुवात केली.

टाचा वर-खाली करणं सगळ्यांत सोपं. मी दुसऱ्याच दिवशी कविता शिकवताना फळ्यापाशी उभी राहून टाचा उचलायला लागले. वर, खाली. वर, खाली. कवितेच्या चालीत ते छान बसत होतं. थोड्या वेळाने मागे वळून बघते तर अख्खा वर्ग उभा राहून वर-खाली होतोय. मुलांना वाटलं कवितेचे हावभाव आहेत. तेवढ्यात मुख्याध्यापक व्हरांड्यातून गेले. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. तर त्यांनी मोबाइल काढला, फोटो घेतला आणि संध्याकाळपर्यंत पालकांच्या ग्रुपवर टाकला: 'आनंददायी शिक्षणाचा अभिनव उपक्रम'. आठवडाभर मला वर्गावर्गात नेऊन ते टाचा उचलून दाखवायला लावलं. त्या आठवड्यात माझे पाय जेवढे दुखले तेवढे आधी कधी दुखले नव्हते.

मग चालणं. संध्याकाळी तळ्याकाठी चालायला जायचं ठरवलं. आमच्या भागात मी बरीच वर्षं शिकवलेलं, त्यामुळे दर दहा घरांमागे एक माजी विद्यार्थी, आणि प्रत्येक माजी विद्यार्थ्याकडे मोटारसायकल. कोपऱ्यापर्यंत पोचत नाही तोच कुणीतरी कचकन ब्रेक लावायचं. "बाई, कुटं चाललाव? बसा की मागं, सोडतो." चालायला निघालेय म्हटलं तर त्यांना अपमान वाटायचा, आपली गाडी बाईंना पसंत नाही म्हणून. एकाने तर मला जबरदस्तीने तळ्यापर्यंत नेऊन सोडलं, माझं चालणं होईपर्यंत थांबला आणि परत आणून सोडलं. त्याच्या प्रेमापुढे मी हरले.

कमरेला घट्ट बांधू नका, हे सांगणं डॉक्टरांना सोपं होतं. आमच्या शाळेत बाईंना साडीच नेसावी लागते. साडी सगळी परकराच्या नाडीवर उभी असते, आणि नाडी सैल केली की कशावरच उभी राहत नाही. मी एक दिवस सैल बांधून गेले आणि तो अख्खा दिवस एक हात कमरेवर ठेवून शिकवला. मुलांना वाटलं मी रागावलेय. वर्ग इतका शांत मी कधी पाहिला नव्हता.

पण खरी गंमत घरी झाली. पाय उंच करून पडायचं होतं. त्यासाठी लागते फक्त एक भिंत. आमच्या घरात खोल्या थोड्या असल्या तरी भिंती भरपूर आहेत. मी पूर्वेच्या भिंतीला पाय लावून आडवी झाले तर सासूबाई स्वयंपाकघरातून हातातली पळी घेऊन आल्या. सासूबाईंचं माहेर अक्कलकोटजवळचं, रागावल्या की निम्मं कानडी.

"अय्यो शिवा! आगं, तितं देव हाय पलीकडं! ब्याड, ब्याड, तिकडं पाय करू नगं!"

देवघर भिंतीच्या पलीकडच्या बाजूला होतं. शंकराला भिंतीतून दिसतं हे मला माहीत होतं, फक्त लक्षात आलं नव्हतं. मी पश्चिमेला वळले. तिथे सासऱ्यांचा फोटो, चंदनाच्या हारासकट. "सासऱ्याच्या तोंडाकडं पाय?" दक्षिणेला पाय करून तर फक्त मेलेल्या माणसाला ठेवतात, ते मला कुणी सांगावं लागलं नाही. उरली उत्तर. उत्तरेच्या भिंतीला टीव्ही होता, आणि त्यावर त्या वेळी कुठल्याशा मठातून थेट प्रवचन चालू होतं. बुवांच्या तोंडाकडे माझे तळवे.

"मग मी पाय कुठे करू आई? छताला?"

"छतावर कोन ऱ्हातंय?" सासूबाईंनी प्रामाणिकपणे विचारलं, आणि वरच्या मजल्यावरचं बिऱ्हाड आठवून त्याच म्हणाल्या, "न्हाय, तेबी बरं दिसत न्हाय."

आमचे हे पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली न करता सुचवलं, "आडवी पड ना कर्णात." भूमिती माझा विषय नसल्यामुळे मला ते सुचलं नव्हतं. तेव्हापासून मी खोलीत तिरकी पडते, पाय गव्हाच्या डब्यावर, आणि येणारा-जाणारा मला ओलांडायचं नाही म्हणून वळसा घालून जातो. पाय मात्र खरंच हलके होतात. डॉक्टर बरोबर सांगत होते. चिडचिड याचीच होती की जे एवढं सोपं आणि एवढं खरं होतं, त्याला चारी दिशांनी कुणी ना कुणी आडवं येत होतं.

माझं मी कसंबसं भागवलं. मोठ्या बाईंना शाळेत गव्हाचा डबा नव्हता, आणि वर्गात कर्णात पडता येत नाही. जुलै लागला तशी त्यांची जखम वाढली. त्या फळ्याला खांदा टेकवून शिकवायच्या, तास संपला की भिंत धरत यायच्या. मी त्यांना घेऊन मुख्याध्यापकांकडे गेले. त्या नको म्हणत होत्या. मी ऐकलं नाही.

मुख्याध्यापक खुर्चीत अर्धे फिरले. "खुर्चीचा प्रश्न नाही हो. एका वर्गाला दिली की सगळे मागणार."

"मग सगळ्यांना द्या," मी म्हणाले.

"आणि अध्यक्षसाहेबांना काय सांगू?"

"सांगा, बाईंच्या पायाला जखम आहे. बसल्या नाहीत तर ती भरणार नाही. डॉक्टरांनी सांगितलंय."

ते पूर्ण फिरून परत समोर आले. साहेबांशी बोलतो म्हणाले. आम्ही दोघी उभ्या होतो हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांनी मेहेरबानी करून पंखा वाढवला.

अध्यक्षांचं उत्तर दोन दिवसांत आलं. मुख्याध्यापकांनी ते प्रार्थनेनंतर सगळ्यांसमोर वाचून दाखवावं तसं सांगितलं. शिक्षकांच्या पायांविषयी साहेबांच्या कानावर आलं आहे. साहेब अतिशय हळवे झाले आहेत. गुरुजनांच्या चरणांची सेवा झालीच पाहिजे असं त्यांचं मत आहे. म्हणून यंदाच्या गुरुपौर्णिमेला पाद्यपूजा दरवर्षीपेक्षा मोठी होईल, आणि सगळ्यांत ज्येष्ठ बाईंचे पाय साहेब स्वतः धुतील.

आम्ही खुर्ची मागितली होती. आम्हाला पूजा मिळाली. मोठ्या बाईंचा चेहरा पांढरा पडला. "आता मोजा काढाया लावतील गं," एवढंच त्या म्हणाल्या.

पाद्यपूजा म्हणजे काय ते आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. मुलं गुरुजींचे पाय ताम्हणात ठेवून धुतात, पुसतात, हळद-कुंकू लावतात, फूल वाहतात आणि पुढच्या वर्षापर्यंत विसरतात. यासाठी गुरूला बसावं लागतं. आणि बसायला खुर्ची लागते. तेव्हा वर्षातून एकदा, त्या एका दिवसासाठी, आमची शाळा मंडपवाल्याकडून खुर्च्या भाड्याने आणते. लाल मखमलीचं कापड, पाठीला सोनेरी फीत, लग्नात व्याह्यांना देतात तशा. सकाळी टेम्पोतून उतरतात, दुपारी टेम्पोत चढतात. वर्षभर ज्यांना बसू द्यायचं नाही त्यांना एक दिवस बसवून त्यांचे पाय धुवायचे, यात कुणालाही काही विचित्र वाटत नाही. मलाही आधी कधी वाटलं नव्हतं.

त्या दिवशी स्टेजवर आम्ही सगळे ओळीने बसलो. खाली पालक, मुलं, फोटोवाला. मुख्याध्यापक माइकशी उभे होते, कारण माइक सोडायचा तर दुसऱ्या कुणीतरी तो घेतला असता. अध्यक्ष पांढऱ्या कपड्यांत आले, मोठ्या बाईंसमोर पाटावर मांडी घालून बसले. ताम्हण पुढे सरकलं. मुख्याध्यापक म्हणाले, "आता साहेब स्वतःच्या हातांनी..."

मोठ्या बाई पाय पुढे करेनात. "नगं साहेब. जखम हाय."

साहेबांना ती विनयाची भाषा वाटली. "न्हाय बाई, आज तुमचं काय चालायचं न्हाय. काडा मोजे."

"नगं की ओ."

"बाई, कार्यक्रम खोळंबलाय," माइकवरून आवाज आला, आणि सगळ्या हॉलने तो ऐकला.

मग त्यांनी काढला. आधी मोजा, मग पट्टी. पट्टी चिकटली होती, ती सोडवताना त्यांनी ओठ आत घेतले. पुढच्या रांगेतल्या एका पालक बाईने तोंडावर पदर घेतला. अध्यक्षांच्या हातात तांब्या होता, तो तसाच राहिला. मी त्यांच्या अगदी बाजूला होते. खरं सांगते, त्या क्षणी त्या माणसाचा चेहरा खराखुरा उतरला होता. तो तसाच गप्प राहिला असता तर मी त्याला माफ केलं असतं. पण समोर हॉल भरलेला होता आणि फोटोवाला थांबला होता. साहेबांनी हात वर केला आणि माइक मागितला.

"ही जखम न्हाय," ते माइकवर म्हणाले. "ही तपश्चर्या हाय! उब्यानं केलेली तपश्चर्या!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. खूप वाजवल्या. मोठ्या बाई उघड्या पायाकडे बघत बसल्या होत्या. मला ते ताम्हण उचलून फेकावंसं वाटलं. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही, आणि ती माझी नव्हती, तरी मलाच वाटत होती.

साहेबांनी जखमेला हात न लावता बोटांवर चार थेंब टाकले, फूल वाहिलं आणि उठायला गेले. उठता येईना. मांडी घालून बसायची सवय गेलेली, त्यात पोट, त्यात पाय आखडलेले. एक हात टेकला, दुसरा टेकला, परत खाली. मुख्याध्यापक धावले, त्यांनी काखेत हात घातला, पण तेही पेलेनात.

"खुर्ची! साहेबांना खुर्ची द्या! कुणीतरी उठा!"

आणि आम्ही जवळजवळ उठलोच होतो. हे मला सांगितलंच पाहिजे. कुणी ठरवून नाही. साहेबांना खुर्ची हवी म्हटल्यावर ओळीतल्या प्रत्येकाचं बूड आपोआप सुटलं, माझंही. गुडघे माझ्या परवानगीशिवाय सरळ व्हायला लागले होते. मी खुर्चीचे दोन्ही हात गच्च धरले आणि स्वतःला खाली ओढून बसवलं. एवढी ताकद मी नळाच्या हंड्यांवर कधी लावली नव्हती.

"सर, आज आम्ही उठणार नाही," मी म्हणाले. साहेबांनी खाली ठेवलेला माइक माझ्या पायाशी चालूच होता, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं. "आज आमची पूजा आहे."

माझ्या पलीकडच्या चित्रकलेच्या सरांनी अर्धवट उठलेलं शरीर परत टेकवलं. मग त्यांच्या पलीकडच्यांनी. खुर्च्या एकेक करून करकरल्या आणि ओळ पुन्हा बसली. मुख्याध्यापक आमच्याकडे एकेकाकडे बघत गेले. कुणी त्यांच्याकडे बघितलं नाही.

मोठ्या बाईच बोलल्या, आणि त्यात टोमणा अजिबात नव्हता. तो त्यांचा स्वभावच नाही. त्या वाकून म्हणाल्या, "साहेब, उटू नका लगीच. तितंच पाय लांब करा. मुंग्या जाऊ द्या. मग जाईल उटता."

साहेबांनी पाय लांब केले. दुसरं करणार काय? पाटावर बसलेले, पांढऱ्या कपड्यांतले अध्यक्ष, समोर ताम्हण, आणि वर खुर्च्यांवर ओळीने बसलेले आम्ही. फोटोवाल्याने त्याचं काम केलं. संध्याकाळपर्यंत तो फोटो अख्ख्या सोलापुरात फिरला. पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी खाली लिहिलं होतं: 'गुरूंच्या चरणी लीन'. ते कौतुक होतं की काय, मला अजून ठरवता आलेलं नाही.

मला वाटलं, माझी नोकरी गेली. पण साहेब हे मुळात व्यापारी. फोटो फिरला तसा त्यातला नफा-तोटा त्यांनी पाहिला, आणि थोड्याच दिवसांत टेम्पो आला. वर्गावर्गात नव्या खुर्च्या उतरल्या. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर ऑइलपेंटने साहेबांच्या दिवंगत वडिलांचं नाव आणि 'यांच्या स्मरणार्थ'. मुख्याध्यापकांनी प्रार्थनेत सांगितलं की शिक्षकांच्या आरोग्यासाठी साहेबांच्या मनात हा विचार बरेच दिवस घोळत होता. मी टाळ्या वाजवल्या. खुर्ची मिळत असेल तर साहेबांच्या मनात काय घोळत होतं याच्याशी मला देणंघेणं नव्हतं.

मी पहिल्याच तासाला बसले. व्हरांड्यात पावलं वाजली की उठायची, परत बसायची. एखाद्या आठवड्याने ते थांबलं. मग एकदा मधल्या तासाला चौथीवरून चालले होते, आत डोकावले आणि थबकले. मोठ्या बाई पुस्तक घेऊन उभ्या होत्या, एक खांदा फळ्याला टेकवलेला. शेजारी नवी खुर्ची. खुर्चीवर त्यांची पर्स.

मी आत गेले. मुलं उभी राहिली, त्यांना बसवलं. "बाई, हे काय?" मी हळू आवाजात विचारलं.

"बसते की. मधल्या सुट्टीत बसते."

"आणि तासाला?"

त्यांनी मुलांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. "पोरांसमोर बसवत न्हाय गं. बसून शिकवनारी बाई पोरांच्या मनातनं उतरती. इतकी वर्षं कदी बसले न्हाय. आता शेवटी शेवटी..."

मला रडू आलं आणि रागही. अध्यक्षांशी भांडता येत होतं, मुख्याध्यापकांशी येत होतं. हिच्याशी कसं भांडायचं? मी पर्स उचलली, खिडकीत ठेवली, त्यांच्या खांद्यांना धरलं आणि खाली बसवलं. परक्याच्या घरी बसावं तशा त्या खुर्चीच्या टोकावर बसल्या. मागचं एक रिकामं बाक मी ओढून आणलं आणि त्यांचा डावा पाय उचलून त्याच्यावर ठेवला. त्यांनी घाईघाईने पदर त्याच्यावर ओढला.

"वाचा आता," मी म्हणाले.

त्यांनी वाचायला सुरुवात केली. दोन ओळी वाचून त्या थांबल्या आणि वर्गाकडे बघत राहिल्या, कुणीतरी हसेल, कुणीतरी कुजबुजेल म्हणून. मुलांच्या माना पुस्तकात होत्या. कुणी वर पाहिलं नाही. वाचन थांबलेलं लक्षात आल्यावर पहिल्या बाकावरच्या एका मुलीने ओळीवरचं बोट न हलवता विचारलं, "बाई, पुढं काय झालं? वाचा की."

मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते.

"कुनीच बगत नव्हतं गं," त्या म्हणाल्या.